हिरव्या पिकअपचं वरचं बूच

व्हाइटमार्क, फ्लिंडर्स बेट
३ मार्च १९८७

प्रिय रेक्स,

तू बरा असशील. मीही तसा बरा आहे. फोन केला असता, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरतो, असं तू मागे म्हणाला होतास, आणि ते खरं आहे. म्हणून पत्र. चुका असतील तर सांभाळून घे. आमची शाळा किती झाली ते तुला माहीत आहे.

काम असं आहे. मी माझ्या पांढऱ्या पिकअपच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायला घेतलं. खालचं बूच उघडलं, जुनं तेल सगळं घमेल्यात आलं. काळं होतं, जळका वास येत होता, म्हणजे बदलायलाच हवं होतं, यात माझं काही चुकलं नाही. पण नवं तेल भरायचं ते वरचं बूच हलायला तयार नाही. माझ्याकडचा एकही पाना त्यावर नीट बसत नाही. तू जन्मभर गिअरबॉक्सच उघडत आलास, तेव्हा तुझ्याकडे योग्य पाना असणार. पाठवशील का? काम झालं की परत करीन.

इथं कोणाकडे मागायचा नाही असं ठरवलंय. बेटावर सकाळी पाना मागितला की संध्याकाळी पबमध्ये चर्चा, क्लॅरीनं आता काय मोडलं.

बेरिलच्या गुलाबाला यंदा बरीच फुलं आली. तिला आवडली असती.

तुझा,
क्लॅरी

ता. क. वॉलीमागे एकटी राहिलेली त्याची ऑड्री सध्या तुमच्या गावात आहे, मुलीकडे, ग्लेनिसकडे. डोळ्याचं ऑपरेशन होतं. भेटलीच तर माझ्या या तेलाच्या कामाबद्दल तिच्याकडे बोलू नकोस. उगाच काळजी करत बसेल.


लॉन्सेस्टन
१० मार्च

प्रिय क्लॅरी,

तुझं पत्र वाचताना चहा सांडला. वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काढली, त्यात गिऱ्हाइकांचे दोनच प्रकार पाहिले. एक, जे आधी वरचं बूच सैल होतंय ना ते बघतात आणि मगच खालचं उघडतात. दुसरे तुझ्यासारखे. अरे म्हाताऱ्या, भरायची वाट उघडत नसेल तर रिकामं कशाला करायचं? आमच्या बहिणीनं, बेरिलनं, तुझ्याशी लग्न केलं तेव्हा बाबा म्हणाले होते की मुलगा कष्टाळू आहे. डोक्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

असो. रिंग पाना पाठवतोय. तुझ्या पिकअपच्या बुचावर तो टोपीसारखा बसतो. आधी बुचाच्या कडेनं रॉकेल सोड, रात्रभर राहू दे, मग पान्याला लांब पाइप लावून ओढ. झटके देऊ नकोस.

आणि तेल भरेपर्यंत गाडी चालवू नकोस. हे सांगायला नको, पण तू आहेस म्हणून सांगतो.

ऑड्रीला सांगू नको म्हणतोस. तुझी गाडी, तुझं तेल, त्यात ती कशाला काळजी करेल, हे काही कळलं नाही. तुमचं काही चाललंय की काय?

रेक्स


व्हाइटमार्क
१६ मार्च

प्रिय रेक्स,

असलं काही लिहीत जाऊ नकोस. पोस्टातली बाई पाकिटं उजेडाला धरते.

पाना मिळाला. फार चांगला पाना आहे, पण बसत नाही. बूच बाहेर आलेलं नाहीच, सपाट आहे, आणि त्याला मध्ये चौकोनी खाच आहे. म्हणजे बाहेरून धरायचं नाही, आत काहीतरी घालून फिरवायचं. मागच्या वेळी कोणीतरी ते बदललं असणार.

आता तुला सगळं सांगतो, कारण तू विचारशीलच. तुझा पाना यायच्या आधी मी एक छिन्नी कानसून त्या खाचेत बसवली आणि हातोडा मारला. छिन्नी आत फिरली, बूच जागचं हललं नाही. आता खाचेचे कोपरे झिजलेत. बोट घातलं की गुळगुळीत लागतात. दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. शेजारच्यांनी शेवंड आणून दिली होती, तीही मांजराला घातली.

चौकोनी चावी असेल तर पाठव. जरा मोठ्या मापाची, ठोकून बसेल अशी. आणि लवकर पाठव. ईस्टरच्या आधी मला हे संपवायचंय, म्हणजे खरं तर त्याच्याही बरंच आधी.

क्लॅरी


लॉन्सेस्टन
२१ मार्च

क्लॅरी,

पांढऱ्या पिकअपचा गिअरबॉक्स मी स्वतः बसवलाय, बेरिल आजारी पडली त्या वर्षी, तुझ्याच शेडमध्ये आडवा पडून. त्याचं बूच सहा कोनांचं आहे, बाहेर आलेलं. कोणी बदललेलं नाही. चौकोनी खाचेचं बूच असलेली बेटावर मला एकच गाडी माहीत आहे, वॉलीची हिरवी.

म्हणजे ऑड्री विमानानं इकडे येताना गाडी तुझ्या शेडमध्ये ठेवून आली. तू तिला चकित करायला तेल बदलायला घेतलंस. आणि मला सांगताना गाडीच बदललीस. बरोबर ना?

आता नीट वाच. हिरव्या पिकअपला त्या बुचाची गरजच नाही. आत बसून गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर वर कर. खाली पत्र्याचं झाकण आहे, चार स्क्रू. ते काढून दांडा उचल आणि त्या भोकातून नरसाळ्यानं तेल ओत. जेवढं घमेल्यात आलं तेवढंच. तुझ्या पांढऱ्या गाडीत हे जमत नाही, म्हणून मी सांगितलं नव्हतं. पहिल्याच पत्रात कोणती गाडी ते लिहिलं असतंस तर पंधरा मिनिटांचं काम होतं. साधा स्क्रू-ड्रायव्हर पुरला असता.

तरी चौकोनी चावी बोटीनं पाठवतोय, आणि हे पत्रही त्याच खोक्यात ठेवतोय. मिळालं की आधी दोन गोष्टी कर. गाडीची किल्ली काढून खिशात ठेव. मग ऑड्रीला फोन कर. तुला ऐकू आलं नाही तरी चालेल, बोलायचं तुलाच आहे.

रेक्स


व्हाइटमार्क
२८ मार्च

प्रिय रेक्स,

तुझं खोकं गुरुवारी लेडी बॅरन बंदराच्या धक्क्यावर घेतलं. पत्र तिथंच उभ्यानं वाचलं. दांड्याचं भोक वाचलं आणि मला हसू आलं. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. बोटीवरच्या माणसाशी मी उगाचच हात मिळवला. घरी जाईपर्यंत मनात म्हणत होतो, आज भरून टाकतो, मग ऑड्रीला काही सांगायला नको.

शेडचं दार उघडं होतं. घमेलं जागेवर होतं, गाडी नव्हती.

डॉक्टरांनी लवकर सोडलं म्हणून ती सकाळच्या विमानानं आली. धावपट्टीवरून कोणीतरी तिला माझ्या दारात उतरवलं. तिनं हाक मारली, मी नव्हतो. गाडी तिची, किल्ली आतच. ती निघून गेली.

किल्ली मी का काढली नाही असं तू विचारशील. तुमच्याकडे शहरात काढतात. इथं कोणी काढत नाही. गाडीतून किल्ली काढलेली दिसली की लोक समजतात, काहीतरी झालंय, नाहीतर याला आपल्यावर भरवसा नाही. दोन्हीपैकी काहीही समजलं असतं तरी विचारायला आले असते. आले असते तर गाडीखालचं घमेलं दिसलं असतं. ते टाळायला मी किल्ली राहू दिली. रोज शेडमध्ये जायचो, किल्लीकडे बघायचो आणि परत यायचो. रेक्स, मी मूर्ख आहे हे चालेल, ते मला पाठ आहे. पण हे मूर्खपणातून झालं नाही.

तिच्या घराच्या अर्ध्या वाटेवर, किलीक्रँकीकडच्या चढाला, गिअरबॉक्स अडकून बसला. चाकं रस्त्यावर फरफटली. सुदैवानं ती हळू चालवते. रस्ता दुरुस्त करणाऱ्या माणसानं तिला घरी सोडलं आणि गाडी ओढून तिच्या अंगणात लावली.

काल मी गेलो. सांगायलाच गेलो होतो. तिनं दार उघडलं, डोळ्यावर काळा चष्मा. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "क्लॅरी, आधी बस. तुला एक सांगायचंय, आणि मला लाज वाटते."

मी बसलो.

"वॉलीची गाडी मी मोडली," ती म्हणाली. "पहिल्या चढालाच आवाज येत होता. मला वाटलं, इतके दिवस उभी होती, चालली की मोकळी होईल. वॉली असता तर लगेच थांबला असता. मला घरी पोचायची घाई. तू एवढी सांभाळलीस आणि मी एका दुपारीत वाट लावली."

मी काय बोललो असेन? "गाड्या जुन्या होतात, ऑड्री." एवढंच.

"गाडी नाही रे, मी जुनी झाले. ग्लेनिस कधीची म्हणतेय, आई, एकटी नको राहूस तिकडे. मी तिला म्हणायचे, अगं मी गाडी चालवते, मला काय झालंय? आता काय सांगू? गाडीचा आवाजही मला कळत नाही. ईस्टरनंतर एक माणूस जागा बघायला येतोय. विकून टाकते."

मग तिनं घरी भाजलेले स्कोन आणले. गरम होते, वर तिच्याच हातचा जर्दाळूचा मुरंबा. मी दोन खाल्ले. नाही म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं. निघताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "रागावू नकोस माझ्यावर."

आता काय करू ते लिही.

क्लॅरी


लॉन्सेस्टन
२ एप्रिल

क्लॅरी,

काय करायचं ते तुला माहीत आहे, म्हणून लिहायला काही नाही.

मी तिला कळवणार नाही. ग्लेनिस आमच्याच रस्त्यावर दूध घ्यायला येते, तिलाही काही बोलणार नाही. माझ्या तोंडून कळलं तर तू त्यातूनही सुटशील.

गाडी बिघडली म्हणून कोणी घर विकत नाही. आपल्या हातून काही होत नाही असं वाटलं की विकतात. आणि ते तिला तुझ्यामुळे वाटतंय. तू गप्प बसलास, ती इथं आली, मुलीच्या मागच्या खोलीत राहिली, तर तिथं बसून ती रोज हेच म्हणेल.

माझ्या मागच्या अंगणात हिरव्या पिकअपचा जुळा भाऊ पडलाय, मागून ठोकलेला. गिअरबॉक्स चांगला आहे. काढून ठेवतो. पण ती मला स्वतः फोन करून म्हणेल की क्लॅरीनं सगळं सांगितलं, तेव्हाच बोटीवर चढवीन. तुझ्या पत्रावर नाही.

हे वाचून तुला माझा राग येईल. येऊ दे.

रेक्स


व्हाइटमार्क
११ एप्रिल

प्रिय रेक्स,

राग आला होता. मग गेला.

दोनदा किलीक्रँकीच्या वळणापर्यंत गेलो आणि फिरलो. एकदा पाऊस आहे म्हणून, एकदा तिच्याकडे पाहुणे असतील म्हणून. पाहुणे नव्हते, मी मनानं आणले.

काल पोचलो. ती खोक्यांमध्ये भांडी भरत होती. मला बघून खूश झाली.

"बरं झालं आलास. तुला न्यायला एक ठेवलंय," म्हणाली आणि आतून वॉलीची हत्यारांची पेटी ओढत आणली. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, अजून ओढता येतं." पेटी माझ्या पायाशी ठेवली. "भंगारवाल्याला द्यायची नाही. ज्याला या गाडीची कळकळ होती त्याच्याकडे जाऊ दे."

मी म्हणालो, "ऑड्री, मला ही पेटी नको."

"का? तुझ्यापेक्षा चांगली हत्यारं आहेत."

"गाडी तू मोडली नाहीस. मी मोडली."

ती हसली. तिला वाटलं मी तिची समजूत काढतोय. "क्लॅरी, तुला खोटं बोलता येत नाही, कशाला उगाच?"

रेक्स, हे ती मला म्हणाली. मी त्या पेटीवरच बसलो आणि सगळं सांगितलं. खालचं बूच, वरचं बूच, छिन्नी, तुला लिहिलेली पांढरी गाडी, किल्ली, आणि तिनं माफी मागितली तेव्हा खाल्लेले स्कोन.  मी तेलाविना उभ्या गाडीचं सांगत असताना तिनं काळा चष्मा काढला. डोळे अजून लाल आहेत. नीट दिसत असतील असं वाटत नाही, पण माझ्याकडेच बघत होती.

मी थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून नाही झालं."

"नाही."

"आवाज आला तेव्हा थांबले असते तरी?"

"तोपर्यंत सगळं संपलंच होतं. तेलच नव्हतं."

"रोज सकाळी चहा घेताना मी वॉलीची माफी मागत होते," ती म्हणाली. "मोठ्यानं. वेडीसारखी. ऊठ तिथून."

मी पेटीवरून उठलो. तिनं ती उघडली, तेलकट फडकी बाजूला केली आणि एक चावी काढून टेबलावर ठेवली. चौकोनी, लांब मुठीची. त्याच बुचाची. वॉलीनं त्या बुचाची चावी ठेवली असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"ग्लेनिसकडे फोन आहे," ती म्हणाली. "ऑड्री, चावी कुठे आहे, एवढंच विचारायचं होतंस. तेल बदलायला मी नको म्हणाले असते का?"

"नाही."

"मग?"

  तिला वाटू नये की मला जमत नाही, एवढंच असावं. या वयात. हे तुला लिहितानाही कान गरम होतात.

"आता जा," ती म्हणाली. "रेक्सचा नंबर लिहून ठेव आणि जा."

लिहून ठेवला. 

क्लॅरी


लॉन्सेस्टन
१४ एप्रिल

क्लॅरी,

तिचा फोन आला. तुझ्याबद्दल काय म्हणाली ते मी लिहीत नाही. पोस्टातली बाई पाकिटं उजेडाला धरते.

गिअरबॉक्स पुढच्या बोटीनं येईल. मी त्यानंतरच्या विमानानं येतो. तुझा मोठा जॅक, लाकडाचे ठोकळे आणि जाड दोर घेऊन तिच्या अंगणात थांब. छिन्नी आणू नकोस.

रेक्स


व्हाइटमार्क
१२ मे

प्रिय रेक्स,

तू सुखरूप पोचलास हे कळलं. पाठ कशी आहे? गिअरबॉक्स छातीवर घेऊ नकोस, असं मी सांगत होतो, पण माझं तिथं कोण ऐकणार?

तुझ्यासमोर बोलता आलं नाही. ऑड्री चहा घेऊन आली तेव्हा ट्रेमध्ये दोनच कप होते, एक तुझा, एक तिचा. तू तुझा माझ्याकडे सरकवलास आणि तिनं तो उचलून परत तुझ्यापुढे ठेवला.  मी गाडीखाली गेलो ते काही आवळायला नव्हतं. सगळं आवळून झालं होतं.

जागा बघायला तो माणूस आला होता. तिनं त्याला फाटकावरूनच परत पाठवलं, असं दुकानात कळलं. ग्लेनिसला म्हणाली म्हणे, येता हिवाळा संपेपर्यंत मला विचारू नकोस, आणि नंतरही विचारू नकोस. दुकानदारीण मला सांगत होती, "क्लॅरी, ऑड्री राहतेय. तुला तर आनंद झाला असेल." मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "गाडीला काय झालं होतं रे?"

पूर्वीचा मी असतो तर जुनी होती म्हणालो असतो. मी म्हणालो, "मी तेल काढलं आणि भरलं नाही." दुकानात चार माणसं होती.  एकानं विचारलं, "आणि मग?" मी पाव घेतला आणि बाहेर आलो. आता पबमध्ये काय चाललं असेल ते मला माहीत आहे. दोन आठवडे तिकडे जाणार नाही.

काल दुपारी उत्तरेच्या रस्त्यावर ऑड्री हिरवी गाडी घेऊन समोरून आली. इथं समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, परका असला तरी. मी उचललं. तिनं नाही उचललं. समोर बघत गेली, ताठ बसून, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि काच खाली केली. ती गेली तिकडे, गाडी अडकली होती तो चढ आहे. तिनं चढावर गिअर खाली घेतला आणि माथ्यावर परत वर टाकला. मला कमी ऐकू येतं, पण एवढं आलं. कुठं खडखड नाही, घरघर नाही. ती पलीकडे उतरून आवाज संपेपर्यंत मी तिथं बसून होतो.

तुझा,
क्लॅरी